एजन्सीची नोकरी : शाप की वरदान?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

बेकारीचा प्रश्न आपल्या देशात जुनाच आहे. परंतु नोकरी मिळण्याची वाट मात्र अलीकडे पार बदलून गेली आहे. आमच्या आधीच्या पिढीतील मंडळी सांगतात की, त्या काळी मॅट्रिक झाले की तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी जाऊन सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायचे, कार्ड काढायचे आणि 'कॉल' येण्याची वाट पाहायची. आज एस.टी. स्टँडच्या भिंतीवर, झेरॉक्सच्या दुकानावर, इतकेच काय पण आपल्या कॉलेजच्या फाटकाबाहेरील विजेच्या खांबावरसुद्धा जाहिराती चिकटवलेल्या दिसतात. हेल्पर पाहिजेत, पॅकिंगसाठी मुली पाहिजेत, दहावीपासून पदवीपर्यंत कोणीही चालेल, राहण्या-जेवणाची सोय होईल! त्या जाहिरातीत फोन नंबर असतो, पगाराचा आकडा असतो. नसते ते फक्त कंपनीचे नाव. कारण नोकरी कंपनी देत नाही, एजन्सी देते.

आपल्या वर्गातील कित्येक मुले-मुली सुटीत सुपे, रांजणगाव, चाकण या औद्योगिक वसाहतींत अशा रीतीने कामाला जातात. पदवीनंतर तर बहुतेकांची पहिली नोकरी हीच असण्याचा संभव अधिक. म्हणून या पद्धतीचे फायदे कोणते, तोटे कोणते आणि तिच्यात शिरताना कोणती काळजी घ्यावी, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

एजन्सी म्हणजे नेमके काय?

'एजन्सी' हा शब्द आपण सरसकट वापरतो. पण त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. पहिल्या प्रकारची एजन्सी फक्त ओळख करून देते. ती उमेदवार शोधते, पण नेमणुकीचे पत्र कंपनी देते आणि पगारही कंपनीच करते. दुसऱ्या प्रकारात कामगार एजन्सीच्या पटावर असतो व काम मात्र कंपनीत करतो. हजेरी कंपनीच्या फाटकावर लागते, हुकूम कंपनीचा सुपरवायझर देतो, पगार एजन्सी करते. यालाच आपण ठेकेदारी किंवा कंत्राटी पद्धत म्हणतो. तिसरा प्रकार शिकाऊ उमेदवारांचा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतलेल्या मुलाला पगार नव्हे, विद्यावेतन मिळते आणि त्याला भविष्यनिर्वाह निधी लागू होत नाही. जाहिरात तिघांची एकसारखीच दिसते, म्हणून आपण कोणत्या दारातून आत जात आहोत हे आधी विचारून घेतले पाहिजे. या लेखाचा विषय मुख्यतः दुसऱ्या प्रकाराचा आहे.

मधला माणूस नवा नाही

मालक आणि कामगार यांच्यामध्ये तिसरा माणूस असणे ही काही आजकालची गोष्ट नव्हे. मुंबईच्या कापड गिरण्यांत हा मान जॉबरकडे असे. कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसाला साच्यावर उभे करायचे की नाही, हे जॉबर ठरवी आणि त्याबद्दल दस्तुरी घेई. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली यांच्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कोरडे ओढले आणि जॉबरच्या हातून भरती काढून घ्यावी असे सुचविले. त्यानंतर १९३५ मध्ये बदली कामगारांच्या नोंदीची योजना आली.

आमच्या पाथर्डी भागातील लोकांना तर मधल्या माणसाची ओळख करून द्यायलाच नको. ऊसतोडीचा मुकादम घरी येतो, उचल देतो आणि दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या, ट्रक भरून माणसे कारखान्यावर जातात. माझे वडील असे कित्येक हंगाम गेले आहेत. माझा थोरला भाऊ बारावीनंतर एजन्सीमार्फत कंपनीत लागला, तेव्हा वडील म्हणाले, "म्हणजे मुकादमच की! फक्त बूट घालून आलेला." त्यांचे म्हणणे निम्मे खरे होते. मुकादम आधी पैसे देतो आणि मग अंगावरची उचल फिटेपर्यंत माणूस बांधला जातो. एजन्सी आधी काहीच देत नाही आणि माणसाला बांधूनही घेत नाही. उलट त्याला केव्हाही सोडून देता यावे, हीच तिच्या व्यवहारातील मुख्य गोष्ट आहे.

पैशाचा हिशेब

हे नीट समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या मुलाचा पगार महागाई भत्त्यासह १२,००० रुपये आहे. भविष्यनिर्वाह निधीसाठी त्याच्या पगारातून १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये कापले जातात. मालकानेही तितकेच घालायचे असतात. मालकाच्या वाट्यातील सुमारे १,००० रुपये पेन्शन योजनेकडे व उरलेले ४४० निधीत जातात. कर्मचारी राज्य विमा योजनेचे २०१९ पासूनचे दर कामगाराला पाऊण टक्का व मालकाला सव्वातीन टक्के असे आहेत. म्हणजे अनुक्रमे ९० व ३९० रुपये. व्यवसाय कर वगैरे किरकोळ आकार सोडले, तर मुलाच्या हातात १०,४७० रुपये पडतात आणि त्याच्यापोटी एजन्सी कंपनीकडे १३,८३० रुपयांचे बिल लावते. त्यावर एजन्सीचे कमिशन आणि सगळ्या बिलावर १८ टक्के जीएसटी.

आता कोणीही विचारील की, कमिशनचा हा जादा भार कंपनी का सोसते? याचे उत्तर असे की, कायम कामगाराचा पगार युनियनशी झालेल्या करारानुसार वाढत जातो, एजन्सीच्या माणसाचा तसा वाढत नाही. शिवाय सणासुदीच्या आधी मागणी वाढली की शंभर माणसे घ्यावीत आणि मागणी ओसरली की दुसऱ्या दिवशी फाटकावरूनच परत पाठवावीत, ही मोकळीक कंपनीला हवी असते. कमिशन म्हणजे त्या मोकळिकीची किंमत होय. फायद्या-तोट्याचा सगळा विचार या एका गोष्टीवर येऊन ठेपतो.

फायदे

एखाद्या गोष्टीला नावे ठेवणे सोपे असते. परंतु ज्या गोष्टीकडे हजारो मुले आपण होऊन जातात, तिच्यात काही गुण असलेच पाहिजेत.

पहिला गुण म्हणजे वशिला लागत नाही. ज्याच्या घरात कोणीही कारखान्याचे तोंड पाहिलेले नाही, अशा मुलाला कंपनीचा साहेब कोठून भेटणार? एजन्सीच्या कचेरीत मात्र आधार कार्ड, गुणपत्रिका आणि बँकेचे पासबुक घेऊन गेले की पुष्कळदा त्याच आठवड्यात काम मिळते. घरात दोन वेळची भ्रांत असताना 'आजच' या शब्दाला फार मोल असते.

दुसरा गुण अनुभवाचा. आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न हाच विचारला जातो की, तुम्हांला काय येते? सहा महिने स्टोअरमध्ये मालाची नोंद ठेवली, संगणकावर चलने काढली, तर या प्रश्नाला काहीतरी उत्तर देता येते.

तिसरा गुण विम्याचा व निधीचा. शेतमजुरी करणाऱ्या घरात महिन्याच्या महिन्याला काही शिल्लक पडते, हीच मोठी गोष्ट. गेल्या वर्षी माझ्या आईच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, ते भावाच्या विमा कार्डावर. कामगारावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही या योजनेत उपचार मिळतात, हे आम्हांला तेव्हा प्रथमच कळले. एजन्सी प्रामाणिक असेल तर हे सर्व तिच्या कामगारालाही मिळते, हे कबूल केले पाहिजे.

चौथा गुण सवडीचा. परीक्षा आली, पेरणी आली, घरी लग्नकार्य निघाले, तर महिनाभर थांबून पुन्हा दुसऱ्या ठिकाणी लागता येते. विद्यार्थ्याला ही सवड उपयोगी पडते.

तोटे

पण नाण्याला दुसरी बाजू असते. पहिला तोटा असा की, धनी दोन आणि जबाबदार कोणीच नाही. ओव्हरटाइमचे पैसे कमी आले म्हणून सुपरवायझरकडे जावे तर तो म्हणतो, "तुझ्या ठेकेदाराला विचार." ठेकेदाराला फोन करावा तर तो म्हणतो, "कंपनीकडून बिल पास झाले नाही." कायद्याप्रमाणे ओव्हरटाइमचा दर दुप्पट आहे, हे दोघांनाही माहीत असते. माहीत नसते ते फक्त कामगाराला.

दुसरा तोटा, एकाच लाइनवर शेजारी-शेजारी उभे राहून तेच काम करणाऱ्या दोघांच्या पगारांत मोठी तफावत असते. 'समान काम, समान वेतन' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाब सरकारच्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात ठामपणे सांगितले. पण कारखान्याच्या फाटकाच्या आत ते तत्त्व आपोआप चालत येत नाही.

तिसरा तोटा मला सर्वांत गंभीर वाटतो. एजन्सीच्या नोकरीत दिवस भरतात, पण वर्षे मोजली जात नाहीत. एका वर्षात २४० दिवस सलग काम झाले की कामगाराला कपातीच्या वेळी नोटीस व नुकसानभरपाईचे संरक्षण मिळू लागते. म्हणून पुष्कळ ठिकाणी सात महिने झाले की 'ब्रेक' देतात. ग्रॅच्युइटीसाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षे सलग सेवा लागते. मध्ये ठेकेदार बदलला की नवे अर्ज, नवी तारीख आणि सेवा पुन्हा एकपासून सुरू. माझा भाऊ चार वर्षे एकाच कंपनीत, एकाच मशीनवर आहे. त्या चार वर्षांत त्याचे तीन ठेकेदार झाले. दुसऱ्या ठेकेदाराने अकरा महिने निधीचे पैसे कापले, पण भरले नाहीत. मशीनला त्याची चार वर्षे माहीत आहेत; कागदाला मात्र जेमतेम एकच वर्ष माहीत आहे.

याचे परिणाम कारखान्याबाहेरही होतात. बँकेत कर्जासाठी गेले की 'कायम आहात का?' असे विचारतात. लग्नाचे स्थळ आले तरी मुलीकडच्यांचा पहिला प्रश्न तोच असतो, "मुलगा परमनंट आहे का?" अशा रीतीने ज्या एका शब्दावर माणसाची पत ठरते, तो शब्दच या पद्धतीत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. २०१७ पासून प्रसूतीची भरपगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली आहे. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. कायदा चांगला आहे. पण ज्या मुलीला 'उद्यापासून येऊ नको' एवढेच सांगून थांबवता येते, तिच्यापर्यंत तो पोहोचावा कसा? आमच्या गावातील पॅकिंगला जाणाऱ्या मुली लग्न ठरले की आपणच काम सोडतात. त्यांना कोणी काढून टाकीत नाही, म्हणून त्यांची कोठे नोंदही होत नाही.

कायदा काय म्हणतो?

कंत्राटी कामगारांसाठी १९७० साली संसदेने कायदा केला व १० फेब्रुवारी १९७१ पासून तो अमलात आला. कायमस्वरूपी कामांत ही पद्धत बंद करण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला होता. अशी बंदी आली तर कामगार आपोआप मूळ कंपनीत कायम होतो का, हा प्रश्न न्यायालयात गेला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'होतो' असे सांगितले आणि २००१ मध्ये, स्टील अथॉरिटीच्या खटल्यात, मोठ्या खंडपीठाने तो निर्णय फिरवून 'आपोआप होत नाही' असे ठरविले. त्यामुळे कामगारांची फार मोठी आशा मावळली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९७० च्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली. तीतील काही गोष्टी प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ कराव्यात अशा आहेत. ठेकेदाराला कामगाराकडून फी किंवा कमिशन घेता येत नाही. ठेकेदाराने पगार बुडविला तर तो मूळ कंपनीने द्यावा लागतो. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, कँटीन यांसारख्या सोयींची जबाबदारी मूळ कंपनीवर आहे. मागितल्यावर ठेकेदाराने अनुभवाचा दाखला दिला पाहिजे. कंपनीच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावण्यास मनाई आहे. मात्र तिला अपवादही पुष्कळ आहेत. आणखी एक उणीव अशी की, १९७० च्या मूळ कायद्यात २० कामगारांची मर्यादा होती, ती आता ५० आहे. लहान ठेकेदाराच्या हाताखालची मुले या तरतुदींच्या बाहेरच राहतात.

सरकारी नोकरीतही एजन्सी?

'आपण तर स्पर्धा परीक्षा देणार, आपल्याला काय त्याचे?' असे कोणी म्हणेल. त्याने २०२३ सालची हकीकत आठवावी. सरकारी कार्यालयांतील पदे बाहेरून भरण्यासाठी राज्य शासनाने नऊ एजन्सी ठरविल्या व सप्टेंबर २०२३ मध्ये तसा शासन निर्णय काढला. अशा भरतीत आरक्षणाचे काय, सेवेच्या शाश्वतीचे काय, असे प्रश्न विचारीत विद्यार्थी रस्त्यावर आले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शासनाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा हा प्रश्न केवळ कारखान्यात जाणाऱ्यांचा नाही, आपल्या सर्वांचा आहे.

महाराष्ट्राने दाखविलेली एक वाट

मग मधला माणूस नकोच का? मालकाला काम कधी कमी, कधी जास्त असणार, हे खरे आहे. बाजार समितीतील हमालाचा मालक तर दिवसातून चार वेळा बदलतो. पण याच हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्या नेत्यांनी उभारलेला लढा होता. या कायद्याने ठेकेदाराच्या जागी मंडळ आणले. मंडळावर मालक, कामगार व शासन या तिघांचे प्रतिनिधी असतात. मालकाने मजुरी व तिच्यावरील लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने कामगाराला पगार, भविष्यनिर्वाह निधी, रजा, ग्रॅच्युइटी द्यायची. मालक कितीही बदलोत, हमालाचे खाते एकच! खासगी सुरक्षारक्षकांसाठीही १९८१ मध्ये याच धर्तीवर कायदा झाला. या मंडळांच्या कारभारात दोष नाहीत असे नाही, त्यांच्याविरुद्ध तक्रारीही ऐकू येतात. परंतु काम तात्पुरते असले तरी सेवा तात्पुरती असलीच पाहिजे असे नाही, हे त्यांनी सिद्ध केले आहे. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाची वर्षे मोजता येतात, तर मशीनवर उभ्या राहणाऱ्या पदवीधराची का मोजता येऊ नयेत?

आपण काय करावे?

ही व्यवस्था बदलेल तेव्हा बदलेल, तोपर्यंत आपण सावध राहिले पाहिजे. नोंदणीसाठी पैसे मागणाऱ्या एजन्सीच्या दारात उभे राहू नये. नेमणुकीचे पत्र घेतल्याशिवाय कामावर जाऊ नये. त्यावर ठेकेदाराचे व मूळ कंपनीचे, अशी दोन्ही नावे आहेत की नाहीत ते पाहावे. पगाराची स्लिप दर महिन्याला मागून घ्यावी व जपून ठेवावी. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक एकच ठेवावा. ठेकेदार बदलला तरी जुनाच क्रमांक द्यावा आणि पैसे खरोखर भरले जातात का, हे दर महिन्याला मोबाइलवर पाहावे. भरले जात नसतील तर निधीच्या कार्यालयात लेखी तक्रार करावी. ठेकेदाराने चुकविलेल्या निधीची जबाबदारी मूळ कंपनीवरही येते. काम सोडताना अनुभवाचा दाखला मागावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपण येथे किती दिवस राहणार व त्या अवधीत काय शिकणार, हे स्वतःशी ठरवून मगच पाऊल टाकावे.

समारोप

एजन्सीची नोकरी शाप की वरदान, या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येणार नाही. माझ्या मते ती धर्मशाळा आहे. वाटसरूला रात्र काढायला धर्मशाळा हवीच; ती नसती तर कित्येकांना उघड्यावर राहावे लागले असते. परंतु धर्मशाळेत संसार थाटता येत नाही. जो तीन महिन्यांसाठी, सहा महिन्यांसाठी तेथे उतरतो आणि अनुभवाचे गाठोडे घेऊन पुढे जातो, त्याचा फायदा होतो. ज्याला पुढे जायला वाटच नसते, त्याचे तारुण्य तेथेच सरते.

आमच्यासारख्या ज्या घरांतून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात आले आहे, त्या घरांचा अजून असा विश्वास आहे की शिकलेल्या माणसाला मुकादम लागत नाही. तो विश्वास खरा करायचा असेल तर सही करण्यापूर्वी कागद वाचण्याइतके शिक्षण आपण तरी वापरले पाहिजे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो वाचून दाखविला पाहिजे.